स्रोत : आई

कुसुमबाई अक्षर लावून वाचते. एक अक्षर, मग त्याच्या पुढचं, मग दोन्ही मिळून काय होतं ते. म्हणून समोर बसलेल्या रेणुका मॅडमचा चहा संपला तरी ती कागदाच्या मध्यापर्यंतच आली होती, आणि तिथं तिचं बोट थांबलं. ‘बालपणापासून हिंसक वर्तन : होय. स्रोत : आई.’ आई हा शब्द तिला लांबूनच ओळखू येतो. त्याच्या मागचा शब्द मात्र आजवर कुठं भेटला नव्हता. बाहेर नळाला आठ दिवसांनी पाणी आलं होतं, ड्रम भरून वाहायला लागला होता, शेजारची पिंकी दोनदा हाक मारून गेली होती. ते सगळं कुसुमबाईच्या कानावर पडत होतं, पण उठावं असं पायांना वाटत नव्हतं.

“ताई, ह्या आईच्या मागं काय लिवलंय?”

“स्रोत. म्हणजे ही माहिती आम्हाला कुणाकडून मिळाली ते.”

“म्हंजे मी सांगितली.”

“हो आजी. कोर्टातला तुमचा जबाब आहे फाइलीत. अंगठा आहे त्यावर.”

रेणुका मॅडम मोठ्या दवाखान्यातल्या. तिचा मुलगा सिद्धोधन अकरा वर्षं जिथं आहे तिथल्या. वय असेल तिशीच्या आसपास, बोलणं सावकाश, आणि खोटा धीर देण्याची सवय नाही हे कुसुमबाईला पहिल्याच भेटीत कळलं होतं. त्यांनी काय केलं होतं, तर कोर्टातून दवाखान्यात आलेल्या चारशे बारा रुग्णांचे कागद काढले होते. मनाच्या आजारपणात हातून गुन्हा घडला आणि कोर्टानं शिक्षेऐवजी उपचाराला पाठवलं, अशी ही माणसं. त्यांच्या कागदांवरून संगणकानं चार गट पाडले, आणि मग सुटून गेलेल्यांपैकी कोण पुन्हा गुन्ह्यात सापडलं ते मॅडमनी गावोगाव जाऊन पाहिलं. पहिला गट म्हणजे आजाराआधी सरळ आयुष्य, आजारात एकदाच हात उठलेला, तोही बहुतेक घरच्याच माणसावर. त्यातले शंभरात तीन-चार परत सापडले. दुसरा गट आजार आणि दारू-गांजा मिळून. तिसऱ्या गटातली माणसं आजाराच्या आधीपासूनच मारकुटी, शाळकरी वयापासूनची. त्यातले शंभरात तीस परत सापडले. चौथ्यात जन्मापासून समज कमी असलेले. सिद्धोधन पंडित कांबळे, वय अडतीस, याच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं : गट तीन. पुढच्या गुरुवारी समिती बसणार होती. तिसऱ्या गटातल्या माणसाला घरी सोडायचं तर समिती दहादा विचार करते, असं मॅडम म्हणाल्या, आणि दहादा म्हणजे बहुधा नाहीच, हेही म्हणाल्या.

गट पाडणं कुसुमबाईला नवं नव्हतं. बावीस वर्षं तिनं बियाणे केंद्रात रोजंदारीवर जोंधळा निवडला होता. सूप पुढ्यात घ्यायचं आणि चार ढीग करायचे : भरदार, बारीक, फुटका, किडका. किडक्याचं भोक डोळ्याला दिसलं नाही तरी दाणा बोटाला हलका लागतो. हात त्यात इतका बसला होता की ती बोलत बोलत निवडायची, आणि साहेब लोक तिचं सूप तपासायचेसुद्धा नाहीत. पण हे झालं पोतं उघडल्यावर. पोतं उघडायच्या आधी त्याला चिठ्ठी असते, आणि चिठ्ठी काय म्हणेल ते खरं. एकदा एका पोत्याला शिळं म्हणून चिठ्ठी होती, ते तसंच फेकायला काढलं. कुसुमबाईनं त्यातली मूठभर ओटीत घालून आणली आणि घरी डालड्याच्या डब्यात पेरली. चौथ्या दिवशी सगळा डबा हिरवा झाला. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. रोजंदारीच्या बाईनं चिठ्ठीबद्दल बोलायचं नसतं. तिचे मालक पंडितराव तेवढे म्हणाले होते, “तुझ्या बोटाला जे कळतं ते तू तोंडानं कधी बोलत न्हाईस.” ते कॉलेजात शिपाई होते आणि असं काहीतरी बोलून पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

कोर्टात सिद्धोधनलाही अशीच चिठ्ठी होती. फक्त ती तिनंच बांधली होती. भागवत वकिलाच्या घरी जमिनीवर बसलेली ती तिला आत्ताही दिसत होती. फरशीचा गारवा लुगड्यातून आत येत होता आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पंख्यानं फडफडत होतं. पंडितरावांना जाऊन महिनाही झाला नव्हता. वकील म्हणाला होता, “बाई, नुसतं आत्ता बिघडला म्हणलं तर सरकारी वकील म्हणेल नाटक करायलाय. बापाला मारलंय, लोक चिडून हायेत. लहानपणापासून असाच होता असं आलं पायजे. काई तरी असंलच की. आठवा.” तिनं आठवलं. सिद्धूचं काही आठवेना. कंदिलाची काच पुसणारा, गणितात कच्चा, बहिणीला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणारा पोरगा, त्याच्यात मारहाण कुठून आणायची. मग झरी गावातल्या शेजारच्या बजरंगचं आठवलं. बजरंगनं सातव्या वर्षी कुत्र्याचं पिल्लू आडात टाकलं होतं. पाटी मारून एका पोराचं डोकं फोडलं होतं. आबासाहेबाच्या कडब्याची गंज पेटवली होती. तिन्ही गोष्टी तिनं सिद्धूच्या म्हणून सांगितल्या, वकिलानं लिहून घेतल्या, तिनं अंगठा उठवला. फाशी टळली. दवाखाना मिळाला. आपण पोराला वाचवलं असं तिला अकरा वर्षं वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

“ताई, हे म्या खोटं सांगितलं होतं,” कुसुमबाई म्हणाली.

रेणुका मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना फार नवल वाटलेलं दिसलं नाही. “असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही,” त्या म्हणाल्या. “लेखी द्यावं लागेल. कोर्टात दिलेला जबाब खोटा होता असं लिहायचं म्हणजे कुणी उद्या विचारणाही करू शकतं. तसं होणार नाही असं मी म्हणणार नाही.”

“करू द्या.”

“आणि पुढचं वाचलंत का? तेही बरोबर आहे का बघा. मी उद्या दुपारपर्यंत इथल्या सरकारी दवाखान्यात आहे.”

पुढची ओळ वाचायला तिला वेळ लागला, कारण ती लांब होती. ‘घटनेपूर्वी औषधे : रुग्णाने स्वतः बंद केली. स्रोत : रुग्ण.’ आता तो शब्द तिला येत होता. तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग कागद उलटा ठेवला, जणू त्या अक्षरांनी तिच्याकडं पाहू नये.

आपल्या पोटात गोळ्या जातात हेच सिद्धूला माहीत नव्हतं. हे आता जगात तिला एकटीला ठाऊक होतं. घटनेच्या सहा महिने आधी त्याचं बिघडलं, भिंतीशी बोलायला लागला, बापाच्या तोंडाकडं बघून म्हणायचा हे बाबा न्हाईत, कुणीतरी त्यांचं तोंड लावून आलंय. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. तो घेईना. मग डॉक्टरच म्हणाले की काही घरांत जेवणातून देतात, पण एक दिवस चुकवू नका. पंडितरावांनी ते काम तिच्याकडं दिलं. रोज सकाळी ती गोळी उलथन्याच्या दांड्यानं बारीक करायची आणि त्याच्या वाटीतल्या वरणात कालवायची. तो बरा होत गेला. भिंत गप्प झाली. फक्त जीभ जड झाली, बोलताना शब्द ओढत आणल्यासारखे यायचे, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची. आणि तेवढ्यात वालूरहून पाहुणे यायचं ठरलं. मुलगी शिकलेली, घर चांगलं, आपल्यातलंच. सत्तावीस वर्षांचा पोरगा लाळ पुसत बोलताना त्यांनी बघावा? तिनं आठ दिवस आधीपासून गोळी थांबवली. पाहुणे आले तेव्हा सिद्धू ताठ बसला होता, नीट बोलला, एकदा हसलासुद्धा. पाहुणे म्हणाले चार दिवसांत कळवतो, पुन्हा येऊन जातो. मग ते येईपर्यंत असंच राहू दे, असं तिनं ठरवलं. गोळी थांबवून बारा दिवस झाले. तेराव्या सकाळी ती गिरणीत दळण आणायला गेली होती. घरी पंडितराव खुर्चीत पेपर वाचत होते आणि वरवंटा पाट्यावरच होता. परत येताना तिच्या डोक्यावर पिठाचा डबा होता आणि दारात माणसं. पिठाला अजून गिरणीचा उबारा होता हे तिला आजही तळहाताला आठवतं, बाकी पुष्कळसं आठवत नाही.

तर ज्या पोराला पोटात गोळ्या जातात हेच माहीत नव्हतं, त्यानं त्या बंद केल्या असं तो कसा सांगेल? दवाखान्यातल्या साहेबांनी आपल्या मनानं लिहिलं म्हणावं, तर तसं नव्हतं. स्रोत : रुग्ण.

“ताई,” तिनं विचारलं, “समजा गोळ्या त्यानं न्हाई, दुसऱ्या कुणी बंद केल्या असल्या तर?”

रेणुका मॅडमनी तिच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर कागदावर नेली. हे त्यांनी बरं केलं. “तर त्याचा धोका कमी मानला जाईल. पहिल्या गटाकडं जाईल तो,” त्या म्हणाल्या. “पण घराचा धोका वाढेल. समिती विचारेल, ज्या हातानं गोळी थांबली त्याच हातात परत द्यायचा का?”

त्या गेल्यावर कुसुमबाईनं बाहेर येऊन नळ बंद केला. म्हणजे असं होतं. एक खोटं तसंच ठेवलं तर सिद्धू तिसऱ्या ढिगात आणि दवाखान्यात. एक खोटं दुरुस्त केलं आणि दुसरं ठेवलं तर काय होईल ते सांगता येत नाही. दोन्ही दुरुस्त केली तर पोरगा पहिल्या ढिगात, आणि आई चौथ्या की पाचव्या कुठल्यातरी, जिथं अजून कुणी कागद काढले नव्हते. शिवाय माधवी होती. माधवी धाकटी, पेडगावच्या शाळेत शिक्षिका, रोज परभणीहून जा-ये करते, शनिवारी आईकडं जेवायला येते. अकरा वर्षांत ती भावाला एकदाही भेटायला गेली नव्हती. आजाराला ती दोष देत नव्हती. तिनं त्यावर पुस्तकं वाचली होती. “आजार कुणालाबी होतो,” ती म्हणायची, “पण गोळ्या थुंकून टाकायच्या न्हाई ना. दादानं गोळ्या खाल्ल्या असत्या तर बाबा आज इथं बसलेले असते.” असं म्हणून ती ताटात वरण वाढून घ्यायची आणि कुसुमबाई तिच्या ताटाकडं बघत बसायची. हा घास उतरेल की नाही हे बघावं तसं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी कुसुमबाई विहारातल्या वर्गाला गेली ती सिद्धूच्या पत्रांसाठी. तोपर्यंत पत्र आलं की कुणाला तरी धरावं लागायचं, आणि वाचणारा माणूस मधेच थांबून तिच्या तोंडाकडं बघायचा. धम्मानंद गुरुजी, निवृत्त कारकून, सात बायांना शिकवायचे. “पाटी माणसासारखी हाय कुसुमबाई, हळू दाबा,” म्हणायचे. स्वतःहून वाचलेलं पहिलं पत्र तिला पाठ होतं. ‘आई, इथं थंडी कमी आहे. गोळी हातावर देतात, पाणी देतात. वरण बरं असतं.’ गोळीचं ऐकून तिला बरं वाटलं होतं. वरणाचं वाचून ती पुढं गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बजरंगच्या व्हॅनची वाट बघत कोपऱ्यावर उभी राहिली. तोच बजरंग. आता परभणीत शाळेची व्हॅन चालवतो, केस पांढरे झालेत, पोरं त्याला काका म्हणतात आणि आया त्याच्या भरवशावर लेकरं सोडून कामाला जातात.

“मावशी, म्होरं ये,” तो म्हणाला. “मागं कुणीतरी केळ्याची साल टाकलीय, घसरून पडशील आन नाव माझं होईल.”

ती बसली. चौक गेला, दुसरा चौक आला.

“बजरंग, ते कुत्र्याचं पिल्लू आठवतं का रं?”

“कुठलं?”

“आडात टाकलेलं.”

“आता कशाला काढायलीस ते?”

“आन पाटीनं फोडलेलं डोकं. आन कडब्याची गंज.”

“मावशी, हळू बोल. ह्या व्हॅनमदी बावीस लेकरं बसत्यात,” तो म्हणाला. व्हॅन रिकामी होती तरी.

“ते तिन्ही म्या सिद्धूच्या नावावर घातलं. कोर्टात.” आणि तिनं त्याला गटांचं सांगितलं, जमेल तसं.

बजरंगनं ऐकून घेतलं. “म्हंजे त्या कागदापरमानं मी तिसऱ्या गटात,” तो हसत म्हणाला. “आन मला कुणी इचारलंच न्हाई.” मग तो हसायचा थांबला. वळणावर त्यानं आरशात मागच्या रिकाम्या सीटांकडं पाहिलं. थोड्या वेळानं म्हणाला, “पिल्लू सिद्धूनंच वर काढलं होतं. टोपल्याला दोरी बांधून. लय वेळ लागला, मी तिथंच रडत बसलो होतो. ते तू सांगितलं न्हाईस?”

“सांगितलं. वकील म्हणला त्याचा उपयोग न्हाई.”

सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला एका खोलीत रेणुका मॅडम बसल्या होत्या. कुसुमबाई म्हणाली, लिहायच्या आधी मला पोराशी बोलायचंय, आणि तुमी इथंच बसा, उठून जाऊ नका. मॅडमनी वॉर्डात फोन लावला. थोडा वेळ पडद्यावर नुसती भिंत दिसली, मग बादली घेऊन जाणारा कुणीतरी, मग सिद्धू. केस बारीक कापलेले, गाल भरलेले. पंडितरावांसारखाच दिसायला लागला होता तो, आणि हे तिच्या दर वेळी नव्यानं लक्षात यायचं.

“आई, फोन खाली घे जरा. पंखाच दिसायलाय मला.”

तिनं फोन खाली घेतला. “आता?”

“आता कपाळ दिसायलंय. चाललं.”

“सिद्धू, गोळ्या तू बंद केल्या असं तू सांगितलंस का?”

“हो. पहिल्याच वर्षी. डॉक्टरांनी विचारलं होतं.”

“तुझ्या पोटात गोळी जाते हेच तुला माहीत नव्हतं.”

“आई, वरण कडू लागायचं ना,” तो म्हणाला. साधंच, जसं एखाद्यानं आज गरम होतंय म्हणावं. “रोज माझंच. माधवीची वाटी चाखून बघितली होती मी एकदा. तिचं गोड होतं.”

“मंग?”

“मंग एक दिवस कडू लागायचं बंद झालं. मला वाटलं, तुला वाटलं असंल मी बरा झालो.”

“तू बोलला का न्हाईस रं?”

“चांगलं लागायलं होतं वरण.”

फोनमध्ये लांब कुठंतरी घंटा झाली, कुणीतरी कुणाचं तरी नाव घेऊन ओरडलं. कुसुमबाईच्या हाताला फोनचा काठ रुतत होता. “आन डॉक्टरला माझं नाव का सांगितलं न्हाईस?”

“कुणाच्या तरी नावावर ते जाणारच होतं,” सिद्धोधन म्हणाला. “माझ्या नावावर एवढं होतंच. त्यात ते एक. तू तिकडं एकटी होतीस.” मग त्यानं विचारलं, “माधवी कशी हाय?”

फोन ठेवल्यावर रेणुका मॅडमनी कोरा कागद पुढं केला, आणि फाइलीतल्या जुन्या जबाबाचं पान उघडं होतं म्हणून असेल, शाईचा पॅडही पुढं केला. कुसुमबाईनं पॅड बाजूला सारला. पेन घेतलं. तिला पाऊण तास लागला. मधे शिपाई कुलूप लावायला येऊन परत गेला. एकंदर सहा ओळी झाल्या. पहिल्या तीन ओळींत बजरंगचं नाव न घेता तिन्ही गोष्टी सिद्धूच्या नव्हत्या असं होतं, आणि पिल्लू वर काढलेलं होतं, उपयोग नसला तरी. चौथ्या ओळीत होतं, ‘गोळ्या मी बंद केल्या. तेरा दिवस. सोयरिकीसाठी.’ पाचवीत, ‘त्यास माहीत असून त्याने माझे नाव सांगितले नाही.’ सहावीत तिचं नाव.

मॅडमनी नवी उत्तरं संगणकात भरली आणि पडदा तिच्याकडं वळवला. गट एक. कुसुमबाईला वाटलं होतं काहीतरी वाटेल. पण ढीग बदलला म्हणून दाणा बदलत नाही, हे तिच्या बोटांना आधीपासून माहीत होतं. सिद्धू काल होता तसाच आज होता.

“आता घराचं,” रेणुका मॅडम म्हणाल्या. “तुमच्या एकटीच्या हमीवर समिती देणार नाही आजी. दुसरं कुणीतरी रक्ताचं लागेल. गोळी समोर उभं राहून देणारं, रोज. त्यांची सही गुरुवारच्या आत.”

रक्ताचं एकच होतं. माधवी शनिवारची आली ती नेहमीसारखी चपला दारात सोडून, शाळेतल्या गोष्टी सांगत. मुख्याध्यापकांनी पुन्हा सगळ्यांना खिचडी तपासायला लावली, वैष्णवी नावाच्या पोरीनं फळ्यावर बाईंचं चित्र काढलं आणि नाक मोठं काढलं. कुकरची वाफ जिरायची होती. कुसुमबाईनं लिहिलेल्याची नक्कल आणि हमीचा कागद टिपॉयवर ठेवला आणि म्हणाली, “हे आधी वाच. मग जेव.”

“तू लिवलंस?” माधवीनं कौतुकानं विचारलं. “अक्षर सुधारलं की गं.”

ती वाचायला लागली. माधवी वाचते तेव्हा तिचे ओठ हलत नाहीत, फक्त डोळे हलतात, डावीकडून उजवीकडं, आणि परत. पूर्वी कुणी पत्र वाचत असताना कुसुमबाईला समोरच्या माणसाचं तोंड हाच कागद असायचा. तो कुठवर आला ते कळायचं नाही, नुसतं वाट बघत बसायचं. आता तसं नव्हतं. डोळे एकदा परत आले, दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले. पिल्लाचं वाचून माधवी किंचित हसली. मग डोळे चौथ्यांदा खाली आले आणि ओळीच्या मध्यावर थांबले. तिथं कुठला शब्द आहे ते कुसुमबाईला ठाऊक होतं. तो लिहिताना तिनं पेन दोनदा उचललं होतं.

माधवीनं कागद खाली ठेवला. उठून आत गेली. कुकरचं झाकण उघडल्याचा आवाज आला. कुसुमबाई जागची हलली नाही. पंडितरावांच्या फोटोची काच पुसायला झाली आहे हे तिला आत्ताच दिसत होतं. बाहेर पिंकीच्या घरी कुणीतरी मिक्सर लावला, बंद केला, पुन्हा लावला.

“बाबांना माहीत होतं?” माधवीनं आतूनच विचारलं.

“न्हाई.”

मग ती दारात आली. डोळे कोरडे होते, पण आईकडं ती बघत नव्हती, तिच्या खांद्यापलीकडं कुठंतरी बघत होती. हातात वरणाची वाटी होती, एकच, आणि तिनं ती चाखलेली होती. वरच्या ओठावर पिवळा ठिपका होता. हमीचा कागद तिनं उभ्यानंच वाचला, शेवटपर्यंत, एकदाही न थांबता.

“गोळी किती वाजता असते दादाची?” तिनं विचारलं.

“आठला,” कुसुमबाई म्हणाली. “हातावर द्यायची.”